तागाखालची माती

पुण्याजवळच्या मांजरी गावात एक मोठी वसाहत उभी राहत होती, तेव्हा तिथलं पर्यावरणाचं काम माझ्याकडे होतं. परवानगीत एक अट होती: खोदाईआधी काळ्या मातीचा वरचा थर वेगळा काढायचा, जपायचा आणि शेवटी बागेत पसरायचा. मी नारायण पेठेतली. माझी शेती म्हणजे खिडकीतली तुळस. कोपऱ्यात मातीचा उंच ढीग रचला, वर निळी ताडपत्री बांधली, फोटो काढून फाइलला लावला आणि स्वतःवरच खूश झाले.

काही दिवसांनी सत्तरीच्या एक मावशी फाटकातून सरळ आत आल्या. जमीन त्यांच्याच घरची. दिरांनी विकायचं ठरवलं, तेव्हा यांनीही सही केली होती. त्यांनी ताडपत्रीचं टोक उचललं आणि मूठभर माती नाकाशी नेली.

"आंबली की ही. काढ ते फडकं, पोरी. माती हाय, मयत न्हवं."

मला राग आला. मग मीही माती हुंगली. खरंच कुबट वास येत होता.

त्यांच्या सांगण्यावरून ढीग मोडून कमरेइतका बसका केला. दुसऱ्या दिवशी त्या पदरात तागाचं बी घेऊन आल्या आणि स्वतःच्या हातानं ढिगावर फोकून पेरलं. सिमेंटच्या त्या रखरखाटात महिन्याभरात हिरवागार ताग उभा राहिला. फुलावर आला तसा त्यांनी तो कापून त्याच मातीत गाडायला लावला आणि पुन्हा पेरला. माती जिवंत ठेवायची ही रीत मला एकाही पुस्तकानं इतकी नीट शिकवली नव्हती.

"मॅडम, पीकविमा काढलात का?" ठेकेदार म्हणाला.

पुढे याच ठेकेदाराला पार्किंगखाली भराव कमी पडला. त्या दिवशी मी कामासाठी येरवड्याला गेले होते. परतले तर ढिगासमोर जेसीबी उभा आणि ढिगावर मावशी भाकरी खात बसलेल्या. ड्रायव्हर सकाळपासून विनवत होता. "जेवतीया, दिसत न्हाय व्हय?" एवढंच म्हणत त्यांनी ती एक भाकरी दुपारपर्यंत पुरवली होती.

फाइल माझी, पगार मला, आणि राखण त्या करत होत्या. मला लाज वाटली. जेसीबी परत पाठवला, ठेकेदाराशी कडाकडा भांडले आणि पेठेला शोभेलशी पाटी लावली: 'ही माती आहे, भराव नाही. फरक कळत नसल्यास विचारावे.' त्यानंतर मातीला कुणी हात लावला नाही.

बाग तयार झाली, तेव्हा मावशींना मीच बघायला बोलावलं. रक्षकानं त्यांना अडवलं. "आजी, गवतावर पाय ठेवायचा नाही. पाटी वाचा."

ती पाटीही मीच लावलेली. मी रक्षकाला थांबवायला पुढे झाले. मावशींना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही.

"काढते की वहाणा. येवढं कळतंय मला."

अनवाणी आत जाऊन त्यांनी गवताखालची माती बोटानं उकरली आणि बराच वेळ हुंगली.

"जित्ती हाय," त्या म्हणाल्या. मी पाटी उपटून काढली.

"अहो मॅडम, मग कुणीही चालेल इथून!" रक्षक म्हणाला.

"चालू दे की," मावशी म्हणाल्या. "आमच्या चार पिढ्या हिच्यावरनंच चालल्या. काय झालं हिला?"