पांढऱ्या पेशी आणि एक अनोळखी सवाष्ण

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. असे अनुभव लिहिताना राग वगैरे लिहीत नाहीत बहुधा, पण तो नव्हता असं लिहिलं तर पुढचं सगळंच खोटं होईल.

बाळंतपणात मला रक्त चढवावं लागलं होतं. त्यातूनच हिपॅटायटिस सीचा विषाणू आला असावा असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझी मुलगी कॉलेजात जायला लागली होती. इतकी वर्षं तो माझ्या यकृतात गुपचूप मुक्काम ठोकून होता. हल्ली हा आजार नुसत्या गोळ्यांनी बरा होतो. माझ्या वेळी मात्र दर आठवड्याला पोटात टोचायचं इंजेक्शन आणि रोजच्या गोळ्या, असा जवळपास वर्षभराचा कोर्स होता. त्या औषधानं विषाणू मरायचा, पण त्याच्याबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी व्हायच्या. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाची राखण करणाऱ्या. चोर पकडायला बोलावलेल्या माणसानं घरच्या राखणदारालाच झोपवावं, तशातली गत. साधा सर्दी-ताप झाला तरी मला हॉस्पिटलात पळायचं होतं.

मी सातपाटीची. मासेमारी सोसायटीच्या ऑफिसात काम करते. लग्न होऊन आल्यापासून दर मंगळवारी गावदेवीला जायचं, ओटी भरायची, तीर्थ घ्यायचं, ओल्या खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचा आणि मग दिवस सुरू करायचा, हा माझा नेम. पांढऱ्या पेशी घसरल्या आणि डॉक्टरांनी एकेक करून सगळं काढून घेतलं. न उकळलेलं पाणी नको म्हणून तीर्थ गेलं. कापून ठेवलेलं उघडं काही नको म्हणून प्रसाद गेला. गर्दी नको म्हणून देऊळच गेलं. उपास तर आधीच बंद होता. चैत्रात देवीची पालखी आमच्या गल्लीत आली, तेव्हा सगळी गल्ली बाहेर आणि मी खिडकीची काच लावून आत, तोंडाला मास्क. पालखी पुढे निघून गेली आणि मला इतका संताप आला! मनात म्हटलं, तुझ्याजवळ येणंसुद्धा जर माझ्या जिवावर बेतणार असेल, तर तू कसली आई?

त्यानंतरच्या तपासणीत पेशी आणखी उतरल्या. पालघरचे माझे डॉक्टर शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, पेशी अशाच उतरत राहिल्या तर कोर्स थांबवावा लागेल. अर्ध्यात थांबला तर विषाणू पुन्हा डोकं वर काढेल, आणि तुमचं यकृत आधीच कडक व्हायला लागलंय. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी पांढऱ्या पेशी वाढवणारं वेगळं इंजेक्शन लिहून दिलं. एक लगेच घ्यायचं, दुसरं गुरुवारी, आणि शनिवारी रक्त तपासायचं. त्या तपासणीवर कोर्सचं काय ते ठरणार होतं. इंजेक्शन बोईसरच्या एकाच दुकानात मिळालं. दुसरं मी घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं.

बुधवारी रात्री कुठेतरी तार तुटली आणि गावातली वीज गेली. गुरुवारी सकाळी मला जाग आली तेव्हा आय कामाला लागलेली होती. आय म्हणजे माझी सासू. नवरा तेव्हा बोटीवर होता, मुलगी हॉस्टेलला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. आय आयुष्यभर मासे विकत आलेली. पहाटे फ्रीज बंद पडलेला बघून तिनं कुणाला न विचारता, मोठ्या मायेनं, माझं इंजेक्शन मासे ठेवायच्या पेटीत बर्फाखाली पुरून ठेवलं होतं. गारवा कमी पडू नये म्हणून वर मूठभर खडेमीठही मारलं होतं. मिठानं बर्फ आणखी थंड होतो. मी सुई उचलून उजेडात धरली तर आतलं औषध गोठून पांढरंफटक झालेलं.

"खराब कसा होईल?" आय म्हणाली. "एवढी पापलेटा जातान बरफान, एक तरी खराब होतं काय?"

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोठलेलं औषध टोचायचं नाही, फेकून द्या, आजच्या आज दुसरं आणा. आयला मी ते सांगितलं. तिच्यावर ओरडणार होते, पण तिचा चेहरा बघून ओरडले नाही. मग सगळा राग देव्हाऱ्याकडे वळला. रोज बाहेर पडताना मी तिथे हात जोडते. त्या दिवशी न बघता पुढे गेले.

दुकानात फोन लागत नव्हता, म्हणून ओळखीची रिक्षा करून निघालो. मी एकटी जाते म्हटलं तर आय ऐकेना. तिनं आपली माशांची रिकामी पाटी उचलली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. पाटी कशाला, ते मला बोईसरला कळलं. औषधाच्या दुकानासमोर ही गर्दी. आयनं पाटी ढालीसारखी पुढे धरली आणि माणसं मागे सारायला लागली. "लांब र्‍हावा रे बाबांनो, खोकू नका, माजे सुनेच्या अंगान ताकद नाय!" सुकटीचा वास मारणाऱ्या पाटीपुढे कोण थांबणार? माझ्याभोवती चांगलं ऐसपैस रिंगण झालं. इतक्या काळजीतही मला हसू आलं.

दुकानदारानं माझी चिठ्ठी वाचली आणि मान हलवली. "ताई, हे मुंबईहून मागवावं लागतं. परवा येईल."

"परवा माझी तपासणी आहे. आज टोचलं नाही तर कोर्स बंद होईल."

"एक आहे फ्रीजमध्ये. पण ते दुसऱ्या पेशंटचं आहे, बुक केलेलं." असं म्हणताना त्याची नजर काउंटरच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे गेली. कंपनीचा निळा गणवेश, दाढी वाढलेली, हातात लहानसा थर्मास. तो केव्हापासून तिथे उभा होता, कोण जाणे. काही मागत नव्हता, जातही नव्हता.

तो माझ्याकडे न बघता दुकानदाराला म्हणाला, "भैया, मेरावाला इनको दे दीजिए."

मी म्हटलं, "आणि तुमच्या पेशंटला?"

"मेरी घरवाली के लिए था. कैंसर था उसको, दवा चढ़ती थी तो खून में सेल गिर जाते थे." मग म्हणाला, "परसों चली गई."

तो बोलत राहिला, जणू कुणीतरी विचारायची वाट बघत होता. खोलीवर फ्रीज नाही, म्हणून तो इंजेक्शन दुकानातच ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी थर्मासमध्ये बर्फ घालून न्यायला यायचा. "आज का दिन था इंजेक्शन का. घर में बैठा नहीं गया. पैर इधर आ गए."

आयला हिंदी बेताचीच कळते, पण हे कळायला भाषा लागत नव्हती. सकाळपासून माझ्याजवळ कुणाला फिरकू न देणाऱ्या त्या बाईनं पाटी खाली ठेवली, पुढे झाली आणि त्याच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला. तो मोठा बाप्या, भर दुकानात, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. दुकानदारानं माझी चिठ्ठी पुन्हा पडताळली. औषध तेच होतं, मात्राही तीच. मी पर्स उघडली तर त्या माणसानं हातानंच नको म्हटलं. "आप ठीक हो जाइए, बस." थर्मासही त्यानं आम्हालाच दिला. पाच मिनिटांत समोरच्या दवाखान्यातल्या नर्सनं मला इंजेक्शन टोचलं. आभार मानायला बाहेर आले, तोवर तो निघून गेला होता. त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. तिचंही नाही.

शनिवारी पेशी वर आलेल्या होत्या. फार नाही, पण कोर्स चालू ठेवता येईल इतक्या. ते इंजेक्शन नसतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नाही आणि मी त्यावरून कुणाशी वाद घालणार नाही.

रिक्षातून परत येताना आय म्हणाली होती, "देवी पावली गं पोरी." आणि मी तिच्यावर खेकसले होते. "मला पावायला तिनं त्याची बायको मारली का? असली देवी मला नको."

उमरोळी गाव मागे गेल्यावर आय म्हणाली, "तसा नको बोलू. ती बाय तिच्या दुखण्यान गेली. देवी कोनाला मारून कोनाला देत नाय. पन त्याचा घर बुडाला ना कालपरवा? तरी तो 'इनको दे' बोलला. तो बोलला ना, तवा देवी थय होती. तू उगा हिशेब करू नको. दिलंय ते घे."

हे मला पचायला फार जड गेलं. मला सवय होती देण्याची. ओटी मी द्यायची, नेम मी पाळायचा, उपास मी करायचा, आणि त्या बदल्यात देवीनं माझं बघायचं. माझं सगळं देणं बंद झालं, तेव्हा मला वाटलं देवीनं दार लावलं. रिकाम्या हातांनी नुसतं घ्यायचं असतं, तेही एखाद्याच्या घरात काल विझलेल्या दिव्यातलं उरलेलं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. कितीतरी दिवस मी आभारसुद्धा मानू शकले नाही. मानायचे तर नेमके कशाचे?

गणपती गेल्यावर कोर्स संपला. नंतरच्या तपासण्यांत विषाणू सापडला नाही, आजतागायत नाही. पण मी सांगणार आहे ते कोर्स संपल्यानंतरच्या पितृपक्षातलं. नवमीला, नवऱ्याच्या आधी अहेव गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्णीला जेवू घालतात. आमच्या घरात तशी कुणी गेलेली नव्हती, आय स्वतः विधवा. तरीही त्या सकाळी आयनं वडे तळले, खीर केली, पाट मांडला, केळीचं पान वाढलं. मी विचारलं, कुणाला बोलावलंस?

"तुला," आय म्हणाली. "बोईसरची ती लेक गेली ना, तिचा पान हाय. नाव आपल्याला ठावं नाय, देवीला ठावं हाय. आनि सवाष्ण दुसरी कोन बसंल? तिचा औषध तुज्या अंगान हाय."

तिनं मला हळद-कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि वाकून माझ्या पाया पडली. सासू सुनेच्या पाया पडली! मी पाय ओढून घेणार होते. तेवढ्यात लक्षात आलं की ती माझ्या पाया पडतच नव्हती. मी तशीच बसून राहिले. खिरीचा पहिला घास घेतला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडले, पोटभर रडले. रडत रडतच पान संपवलं. आय समोर बसून वाढत होती, आणि मी एकदाही पुरे म्हटलं नाही.