तीनदा विकलेला कोंबडा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हसावे की गंभीर व्हावे हे मला ठरवता येत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. दादर-माहीम भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. आज सभा, उद्या मोर्चा, मधेच जमावबंदी. सगळे ठाणे बंदोबस्तावर. गुन्ह्यांच्या तपासाला माणूस उरत नसे, आणि हे आमच्या साहेबांच्या आधी चोरट्यांना कळले होते.

त्यातच शिवाजी पार्कजवळच्या एका निवृत्त वकिलांच्या घरातून चांदीची भांडी आणि रोकड गेली. दाराचे कुलूप शाबूत, कपाट मात्र उघडे. पंचनामा केला, घरच्यांचे जबाब घेतले. चोरीच्या आदल्या आठवड्यात नळ दुरुस्त करायला एक माणूस येऊन गेला होता, एवढीच काय ती माहिती हाती लागली. हा माणूस माहीमच्या एका ख्रिस्ती वाडीत राहत असे. गिरणीत फिटरचा मदतनीस, आणि सुटीच्या दिवशी नळांची कामे करणारा. त्याच्याविरुद्ध पूर्वीची काही नोंद नव्हती.

वाडीच्या तोंडाशी पानाची गादी चालवणारा आमचा एक खबऱ्या होता. तो म्हणाला, "साहेब, तुमचा तो नळवाला लई पैसेवाला झालाय. सणाच्या लिलावात एका कोंबड्यावर चाळीस रुपये बोलला. नि कोंबडा त्यालाच सुटला."

या वाडीत रिवाज असा की, सणाच्या संध्याकाळी क्रूसापाशी प्रार्थना होते. लोक नारळ, केळीचा घड, घरचा केक, कोंबडा असे काही ना काही वाहतात. मग त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसा चर्चला जातो. त्या वर्षी तो वाडीच्या शाळेच्या छपरासाठी होता. वासे चढले होते, कौलांना पैसे नव्हते. पण चाळीस रुपये म्हणजे या माणसाचा जवळजवळ अर्धा पगार! त्याच संध्याकाळी मी त्याला वाडीतून उचलून ठाण्यात आणला.

"चाळीस रुपये कुठून आणलेस?"

"माझे होते, साहेब."

"कोंबडा कुठे आहे?"

हवालदाराने आवाज चढवला, मी समजुतीने विचारले. शेवटी तो एवढेच म्हणाला, "चोरी मी नाय केली. बाकीचं विचारू नका."

"मग लॉकअपमध्ये बसावं लागेल."

"बसतो, साहेब."

माझा तोवरचा अनुभव असा की चोर भरपूर बोलतो. शपथा घेतो, साहेबांच्या मुलाबाळांचे कल्याण चिंततो. हा दगडासारखा बसून होता. तरी मी ते गप्प बसणे त्याच्या खात्यावर गुन्हा म्हणूनच मांडले.

सकाळी त्याची बायको आली. चाळीस रुपयांचा कोंबडा ऐकून ती माझ्याशी बोलायची सोडून गजांआडच्या नवऱ्याकडे वळली. "आपल्या घरात कोंबड्याचं पीस तरी आलं काय रे? दर सणाला मोठमोठ्यानं बोलतोस, नि नेतोस कुणाच्या घरी?" ठाण्यातले सगळे हसले. ती रडू लागली.

मग खरे दुखणे बाहेर आले. मुलीचे लग्न ठरले होते. त्यांच्यात वधूवरांची नावे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वाचतात. कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. एकदा वाचून झाली होती. पण बापाला पोलिसांनी नेताना अख्ख्या वाडीने पाहिले, आणि मुलाचा बाप सकाळीच दारात येऊन सांगून गेला की येत्या रविवारी नावे वाचायची नाहीत.

कोंबडा घरी गेला नाही, तर गेला कुठे? मी तडक चर्चवर गेलो. मागच्या आवारात, शाळेच्या उघड्या वाशांखाली, एक लाल गलेलठ्ठ कोंबडा हिंडत होता आणि खुद्द फादर त्याला दाणे टाकत होते.

"फादर, हा चाळीस रुपयांचाच ना?" मी सहज विचारले. त्यांचा चेहरा पडला. नळवाल्याला ठाण्यात नेल्याचे त्यांना तोवर कुणी सांगितले नव्हते. मी सांगितल्यावर ते पायरीवरच बसले.

"साहेब, हा एकच कोंबडा तीन सणांना तीनदा विकलाय. थाळी फिरवली की आणा पडतो. छपरासाठी किती प्रवचनं दिली, पण सरळ बोटानं तूप निघेना. माणूस देवासाठी खिशात हात घालत नाही, शेजाऱ्यावर मात करायला घालतो. म्हणून मीच त्याला म्हटलं, तू नुसती बोली चढवत जा. कोंबडा तुझ्याच गळ्यात पडला, तर गुपचूप परत आणून सोड. त्यानं एक पै दिलेली नाही. कुणाला सांगणार नाही अशी क्रूसावर हात ठेवून शपथ मीच घ्यायला लावली."

मी लालबागचा. तरुणपणी गणपतीची वर्गणी काढत हिंडलो आहे. वर्गणी काढणाऱ्याला माणसाचा स्वभाव पोलिसापेक्षा लवकर कळतो, त्यामुळे फादरांवर मला रागावता येईना.

दुपारी त्या माणसाला सोडले. जाताना तो हात जोडून म्हणाला, "साहेब, लिलावाचं कुठं बोलू नका. लोकांनी खरे पैसे दिलेत. कळलं तर छप्पर तसंच राहील."

"आणि मुलीचं लग्न?"

तो मान खाली घालून निघून गेला, आणि मला फार वाईट वाटले. आमचा हवालदार म्हणाला, "साहेब, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतंय व्हय?"

फादरांनाही ते कळत असावे. रविवारी मी साध्या कपड्यांत चर्चमध्ये मागे उभा राहिलो. प्रवचनाच्या वेळी त्यांनी सगळे सांगून टाकले, कोंबड्यासकट. "हा माणूस चोर नाही. खोटेपणा असेल तर तो माझा. चढलेल्या बोलीमुळे ज्यांनी जास्त दिले, त्यांनी प्रार्थनेनंतर येऊन पैसे परत न्यावेत."

मग एक म्हातारी नळवाल्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "माझ्या गळ्यात सात रुपयांचा नारळ मारलास काय रे मेल्या!" आणि हशा पिकला.

प्रार्थनेनंतर फादर टेबलाशी पैशांची पेटी घेऊन बसले. दोघे-तिघे पैसे घेऊन गेलेही. मग मुलाचा बाप उठला. त्याने केळीच्या घडाला पंचवीस रुपये मोजले होते. तो टेबलाशी आला, तसा फादरांनी पेटीत हात घातला.

"पैसे ऱ्हाऊ द्या, फादर," तो म्हणाला. "आज पोरांची नावं वाचायची ऱ्हायली. लोक हायेत तवर वाचा."

फादरांनी ती तिथेच, उभे राहून वाचली. मुलीचा बाप माझ्यापासून दोन हातांवर खांबाला टेकून उभा होता. तो लहान मुलासारखा रडला.

चांदी पुढे एका सराफाकडे सापडली. विकणारा वकीलसाहेबांचा सख्खा भाचा निघाला. किल्ली कुठे असते हे त्याला ठाऊक होते. पुढच्या लिलावांत मात्र बोली चढेना, आणि शाळेच्या छपराचा अर्धा भाग बराच काळ ताडपत्रीवर राहिला. खरे सांगितल्याची तेवढी किंमत वाडीला मोजावी लागली.

या प्रकरणानंतर माझी चौकशीची पद्धत बदलली. समोरचा माणूस गप्प बसला, की 'काय लपवतोस?' याच्या आधी मी 'कुणासाठी लपवतोस?' असे विचारू लागलो. या प्रश्नाला चोर पटकन कुणाचे तरी नाव सांगून मोकळा होतो. दुसऱ्यासाठी गप्प बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत मात्र पाणी येते, आणि मग त्याला आणखी काही विचारावे लागत नाही.