मागे आहे, येईल

त्या सोमवारची आठवण निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही. खून, दरोडे, खंडणी यांच्या बऱ्याच फायली मी पोलीस ठाण्याच्या कपाटात ठेवून बाहेर पडलो आणि त्यातल्या निम्म्या आता आठवतही नाहीत. हे प्रकरण मात्र गुन्हाही नव्हतं, तरी ते माझ्याबरोबर घरी आलं.

मी तेव्हा डोंबिवली पूर्वेच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपली होती, रात्रपाळीचे लोक घरी जायच्या घाईत होते. इतक्यात एक बाई एका म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून घेऊन आल्या. बाई त्यांच्या समोरच्या दारातल्या. त्यांचं म्हणणं असं, की हे काका आणि काकू दर रविवारी डोंगरावर जातात. काल संध्याकाळी काका एकटेच परतले. सकाळी दुधाची पिशवी दाराबाहेर तशीच पडलेली दिसली म्हणून बेल वाजवली, तर घरात काकू नाहीत. विचारलं तर काका एवढंच म्हणतात, "मागे आहे, येईल."

काका म्हणजे पंच्याहत्तरीच्या आसपासचे, ताठ बसणारे, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ. बँकेतून निवृत्त झालेले. काकू शाळेत शिक्षिका होत्या. दोघांनीही उभं आयुष्य सुट्टीच्या दिवशी डोंगर चढण्यात घालवलेलं. आमच्या भागात ही एक जातच आहे. इतर लोक रविवारी मटण आणायला जातात, हे लोक पहाटे पाठीला सॅक लावून निघतात आणि घामाघूम होऊन आल्यावर म्हणतात, काय मजा आली. तो डोंगर कल्याणच्या पलीकडे आहे. नाव लिहीत नाही, तिथे आधीच पुरेशी गर्दी होते.

बेपत्ता झाल्याची नोंद घेतली आणि कामाला लागलो. काकूंच्या फोनचं लोकेशन मागवलं तर ते त्यांच्याच घरचं निघालं. हवालदाराला घरी पाठवलं. काकूंची सॅक दिवाणखान्यात खुर्चीला अडकवलेली होती आणि फोन तिच्यातच होता. पाण्याची बाटली, स्वेटर, चष्म्याची डबी, सगळं आत. म्हणजे बाई डोंगरावर होत्या आणि त्यांची प्रत्येक वस्तू घरी होती. काकांच्या दोन्ही हातांवर ताजे ओरखडे होते.

बाई बेपत्ता असल्याचं कानावर गेल्यावर माझ्या एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. हा माणूस पायथ्याच्या गावातला, आगरी, रविवारी वाटेवर काकडी आणि सरबत विकायचा. या जोडप्याला तो चांगला ओळखत होता, कारण काकू दर वेळी काकडी त्याच्याकडूनच घ्यायच्या आणि मीठ कमी लावलंस म्हणून त्याला दटावायच्या.

"सायेब, म्हातारा काल येकलाच उतरला," तो म्हणाला. "डोंगराव आलेल्या पोरांनी हाताला धरून आणला न् रिक्षात बसवला. बाय नव्हती बरोबर. पन बायची पिशवी व्हती त्याचे खांद्याव."

मग तू कालच का नाही बोललास, असं मी विचारलं. त्याला वाटलं होतं, काकू पुढे उतरून गेल्या असतील.

माझा हवालदार हुशार होता, पण त्याचं डोकं नेहमी सरळ खुनाकडे धावायचं. त्याने मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की म्हाताऱ्याने ढकललंय बाईला, जरा आवाज चढवला की पाच मिनिटांत बोलेल. खरं सांगतो, कागदावर बघितलं तर त्याचं चूक नव्हतं. शेवटचं सोबत कोण होतं, वस्तू कुणाकडे मिळाल्या, अंगावर खुणा कसल्या, या आमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच खुर्चीत बसली होती.

मी पायऱ्यांच्या बाजूची दरी तपासायला पथक आणि गिर्यारोहक मुलं पाठवली. कठड्याखाली खोल उतार आहे, कोणी पडलं असेल तर तिथेच, असा अंदाज. मग काकांना माझ्या खोलीत बसवलं, चहा-पोहे मागवले आणि दार लोटून घेतलं.

काकू कुठे आहेत, असं विचारल्यावर ते म्हणाले, पुण्याला गेलीय, बहिणीकडे. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं तर म्हणाले, शाळेत असेल, आज तपासणी आहे ना. तिसऱ्यांदा म्हणाले, मागे आहे, येईल. चौकशीच्या खोलीत मी आयुष्य काढलं आहे. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा विचारलं की पहिलंच उत्तर जास्त नीटनेटकं करून सांगतो. काकांची उत्तरं प्रत्येक वेळी वेगळ्या वर्षातून येत होती. आणि प्रत्येक उत्तर देताना ते किंचित मान वळवून डाव्या खांद्याकडे बघायचे, कोणीतरी तिथून पुढचा शब्द सांगेल म्हणून.

त्यांची मुलगी बंगळुरूला होती. तिला फोन लावला. ती रडत रडत म्हणाली, बाबांना काही आजार नाही, निदान आई तरी तसं कधी बोलली नाही. मग म्हणाली, हल्ली बाबांशी नीट बोलणंच होत नाही, फोन नेहमी आईच घेते. मला सगळं कळलं. त्या बाईने नवऱ्याचं विसरणं शेजाऱ्यांपासून, पोटच्या मुलीपासून, साऱ्या जगापासून पदराआड झाकलं होतं. आणि आता त्या कुठे आहेत हे जगात ज्या एकाच माणसाला ठाऊक होतं, तो हा असा माझ्यासमोर पोहे चिवडत बसला होता. डोंगरावर थंडी पडायला लागली होती. सत्तरीच्या बाईला स्वेटरशिवाय दुसरी रात्र झेपली नसती.

सरळ विचारून काही हाती लागत नव्हतं. मग मी काकूंचा विषयच सोडला. म्हटलं, "काका, आमच्या स्टाफला डोंगरावर न्यायचंय. सगळे नवखे. कोणी वाटेत मागे राहिलं तर काय करायचं?"

काका सरळ झाले. आवाज बदलला. बँकेतल्या मित्रांचा गट त्यांनी वर्षानुवर्षं डोंगरात नेला होता, तो माणूस जागा झाला.

"मागे राहिलेल्याने जागा सोडायची नाही," ते म्हणाले. "जिथे शेवटचं एकत्र होतो तिथेच बसायचं. पुढच्याने परत यायचं. दोघेही शोधत फिरले तर दोघेही हरवतात."

"आणि पुढचा परत आलाच नाही तर?"

"असं होत नाही. त्याने यायचंच असतं."

बोलता बोलता ते थांबले. टेबलावर पुरावा म्हणून आणून ठेवलेली काकूंची सॅक होती, तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग उठले, ती खांद्याला लावली आणि मला म्हणाले, "चला. ती थांबलीय."

हवालदार म्हणाला, साहेब, संशयिताला असं दरीच्या काठावर कुठे नेता? मी म्हटलं, तू पण चल, तुझी बेडी घेऊन. तो ओशाळला, पण आला.

पायथ्याला सरबतवाला आमच्याबरोबर झाला. आता त्या डोंगराला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, कठडे आहेत, सेल्फीसाठी जागा आहेत. काका थोडं अंतर पायऱ्यांनी चढले आणि एका वळणावर सरळ डावीकडे करवंदीच्या जाळीत शिरले. सरबतवाला म्हणाला, ही जुनी वाट, दरड पडल्यापासून इकडे कोणी फिरकत नाही, आमची गुरंसुद्धा नाहीत. काका ऐकत नव्हते. सकाळी चहात साखर घातली की नाही हे ज्यांना आठवत नव्हतं, ते दगडावर पाय नेमका कुठे ठेवायचा ते न बघता चालत होते. काट्यांनी त्यांचे हात पुन्हा ओरबाडले तेव्हा हवालदाराने माझ्याकडे बघितलं आणि तो पुढे होऊन काठीने फांद्या बाजूला धरू लागला.

जाळी संपली तिथे कातळात खोदलेलं, आता कोरडं पडलेलं पाण्याचं टाकं होतं. त्याच्या कडेला, पाय पोटाशी घेऊन, साडीचा पदर अंगाभोवती गुंडाळून काकू बसल्या होत्या. ओठ फुटले होते, चेहरा काळवंडला होता. पण पाय धड होते. काट्यांचे ओरखडे सोडले तर कुठे इजा नव्हती. तासाभरात त्या चालत खाली गावात पोहोचू शकल्या असत्या.

आम्ही चार माणसं होतो, दोघं वर्दीतली. काकूंनी आमच्यातल्या एकाकडेच बघितलं.

काका म्हणाले, "उशीर झाला का गं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आत्ताच बसले होते."

हवालदाराने तोंड फिरवलं आणि उगाचच वायरलेसवर पथकाला बोलावत राहिला.  मी काकांच्या खांद्यावरच्या सॅकमधून पाण्याची बाटली काढून काकूंना दिली.

रुग्णालयात सलाईन लावलेल्या काकूंनी मला घडलं ते सांगितलं. त्या दिवशी काका हट्टाने जुन्या वाटेला गेले. उतरताना बायकोचं ओझं आपण घ्यायची त्यांची कायमची सवय, म्हणून सॅक त्यांच्या खांद्यावर. वाट मोकळी आहे का बघून येतो म्हणाले आणि गेले. मी विचारलं, तुम्ही खाली का नाही आलात? त्या म्हणाल्या, "मी निघाले असते आणि ते परत आले असते, तर? मला शोधत ते कुठवर गेले असते? आल्यावर मी तिथे दिसायला हवी ना."

नोकरीभर मी माणसांना 'खरं सांग' म्हणून दरडावत आलो. या प्रकरणाने मला एक शिकवलं. काका एकदाही खोटं बोलले नव्हते. पुण्याची बहीण खरी होती, शाळेची तपासणी खरी होती, आणि मागे आहे, येईल, हे तर सगळ्यात खरं होतं. त्यानंतर चौकशीला बसताना मी आवाज चढवण्याआधी समोरच्याला एकदा त्याच्या ओळखीच्या वाटेवर चालू द्यायला लागलो. बऱ्याचदा उपयोग झाला. आणि बाजारातून येताना बायकोच्या हातातली पिशवी मागून घ्यायला लागलो, ज्याचं तिला अजून नवल वाटतं.

प्रकरण बंद करायला काकूंचा जबाब हवा होता. हवालदार खाटेशेजारी कागद घेऊन बसला. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. शेजारच्या खुर्चीत काका बसल्या बसल्या झोपले होते. मग त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "साहेब, ते मला विसरले असं नका लिहू."

मी काही सांगायच्या आत हवालदाराने लिहायला घेतलं होतं. लिहून झाल्यावर त्याने वाचून दाखवलं: वाटेत आमची चुकामूक झाली. मी ठरल्या जागी थांबले. माझे पती मला घ्यायला आले.

काकूंनी शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग सही केली.