शुगरची गोळी

खोटं बोलायला मी शिकवायचे. विश्रांतवाडीच्या वस्त्यांमध्ये पंधरा-सोळा वर्षं एचआयव्हीचं काम केलं, पण हे शिकवणं कुठल्याच अहवालात आलं नाही. सरकारी गोळ्यांच्या बाटलीचं लेबल पाण्यात भिजवून सोलायचं, गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस कोंबायचा आणि घरच्यांनी विचारलं तर शुगरची गोळी म्हणायचं. शुगरला पुण्यात कोणी दचकत नाही. नसेल तरच लोक चौकशी करतात.

असंच एका शिवणकाम करणाऱ्या तरुण विधवेलाही शिकवलं. नवरा याच आजाराने गेलेला, सासूला मात्र कावीळ एवढंच माहीत. आता घरात त्या दोघीच. सासू मूळची वऱ्हाडातली, जिभेने तिखट, पण सुनेवर जीव टाकणारी. सुनेला शुगर आहे म्हटल्यावर तिने स्वतःचा चहाही बिनसाखरेचा केला. मी तिच्या लेखी बचत गटाची बाई. दर महिन्याला जायचे, सून गोळ्या वेळेवर घेते ना, ते बघून यायचे.

मग आमचा प्रकल्प संपला. शेवटच्या बैठकीत साहेब म्हणाले, आता समाजानेच हे काम पुढे न्यायचं. समाज म्हणजे आम्ही सात बायका. त्यातल्या पाच जणी दुसरीकडे कामाला लागल्या. मी रविवारी जमेल तशी फिरायचे. तिच्या घरी पोचायला मला सहा महिने लागले. त्याची लाज अजून जात नाही.

दार सासूने उघडलं. खुशीत होती. गणपती मंडळाच्या शिबिरात दोघींनी रक्त तपासून घेतलं होतं.

"पोरीची शुगर एकदम नॉर्मल निंघाली, बाई. म्या त्या गोळ्या फेकून देल्ल्या. उगीच किडन्या कायले खराब करा?"

सून आत कॉटवर पडली होती. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. सासू चहा टाकायला गेल्यावर मी विचारलं, मला फोन का नाही केलास? ती म्हणाली, आधी दुसरी बाटली आणून गोळ्या लपवून घेतल्या. मग एका महिन्याला हॉस्पिटल चुकलं, काही झालं नाही, तेव्हा वाटलं आपण सुटलो. तुम्हीही आला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात दाखल केलं. टीबी मेंदूपर्यंत गेला होता. सासूबाईंना आता खरं सांगू का, असं मी तिला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मग मुलगा कशाने गेला, तेही त्यांना कळेल."

अठरा दिवस सासू तिच्या उशाशी बसून होती. एकोणिसाव्या दिवशी सून गेली.

तेराव्याला सासूने मला जिन्यात गाठलं. आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "म्या गोळ्या बंद केल्या म्हून तर नाही ना झालं, बाई?"

मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "शुगर तर नॉर्मलच होती हो, मावशी."