चारीच्या पुलावरून

मला बिबट्याची भीती वाटते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या धीराचं कौतुक करायला नको. दौंड स्टेशनात तिकीट खिडकीवर बसून मी भल्याभल्यांना दमात घेते, पण तिथे मध्ये काच असते.

आमच्या चर्चला ज्या संताचं नाव आहे, तो चौदाशे वर्षांपूर्वी रोमहून निघून अँग्लो-सॅक्सन लोकांत, म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांत, धर्म सांगायला गेला होता. रेल्वेबरोबर इंग्रज इथे आले, त्यांनी चर्च बांधलं आणि त्याला आपल्या त्या गुरूचं नाव दिलं. माझे वडील लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांना याची भारी गंमत वाटायची. "साहेबालासुद्धा कुणीतरी शिकवायला गेलं होतं बरं का," असं ते ज्याला त्याला ऐकवायचे.

त्या संताचा सण मे महिन्यात येतो. सकाळी चर्चमध्ये त्याचं चरित्र सांगतात आणि ज्यांना यायला जमत नाही, त्यांना त्याच दिवशी घरी जाऊन सांगायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. मात्र सांगायचं अंगणात, घरात नाही. कारण तिथल्या राजानेही ते उघड्यावरच ऐकलं होतं. हे परके लोक छपराखाली आपल्यावर काहीतरी करणी करतील, अशी त्याला धास्ती होती. राजाची राणी मात्र दुसऱ्या देशातून सून होऊन आलेली, आधीपासूनच येशूला मानणारी. सगळ्या परक्यांत ती आपली प्रार्थना करत राहिली होती.

वडील गेल्यावर आत्याच्या घरी जाऊन चरित्र सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं. आत्या निमोण्याच्या अलीकडे शेतातल्या वस्तीवर राहते. तिने घरच्यांशी भांडून लग्न केलं, आणि तेव्हापासून त्या वस्तीवर येशूचं नाव घेणारी ती एकटीच. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरून उठत नाही. तिच्याकडे चर्च जातं ते वर्षातून एकदा, स्कूटरवरून.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच एकटी निघाले. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं. इनामगाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस सुरू झाला. चारीच्या, म्हणजे कालव्याच्या लहान पाटाच्या, पुलावर एक आप्पा शेळ्या घेऊन येत होते. त्यांनी हात करून मला थांबवलं.

"ताई, एकट्या कुठं निघाला? परवा हितनंच वाघानं वासरू नेलं. गाडी जोरात घ्या आन् मधी थांबू नका."

आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. बिचाऱ्यांनी काळजीनेच सांगितलं. ते गेले आणि मी पुलावर एकटी उरले. समोर आत्याच्या घराचे पत्रे दिसत होते, फार तर पाच मिनिटांचा रस्ता. तेवढ्यात ऊस सळसळला. वारा अजिबात नव्हता. मी स्कूटर वळवली ती थेट इनामगावात येऊन थांबवली. तिथून फोन केला.

"आत्या, गाडी पंक्चर झाली गं."

"बरं बाई," आत्या म्हणाली. "सांभाळून जा."

मी घरी आले, चहा प्यायले आणि रात्री व्यवस्थित झोपलेसुद्धा.

पुढे कधीतरी वडिलांचं संतचरित्राचं पुस्तक चाळताना मला एक पान सापडलं. ते वडिलांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. तो संत आणि त्याचे चाळीसेक सोबती अर्ध्या वाटेवर घाबरले होते. ते लोक रानटी, त्यांची भाषा येत नाही, मारून टाकतील. शेवटी संत एकटाच रोमला परत गेला आणि आम्हाला पाठवू नका म्हणून वरिष्ठांच्या विनवण्या केल्या. त्यांनी समजूत काढून त्याला पुन्हा धाडलं. ते वाचून मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! एवढा मोठा संत माघारी फिरतो, तिथे माझी काय कथा?

या वर्षी तेच पान घेऊन मी निघाले. पुलावर डोळे फक्त रस्त्यावर ठेवले. पोचले तेव्हा आत्याची खाट अंगणातच होती. तिच्या गळ्यात रुंद चामडी पट्टा होता, बाहेरच्या बाजूने टोकदार खिळे असलेला. बिबट्या मान धरतो म्हणून रानात जाणाऱ्या बाया हल्ली तो घालतात.

"आत्या, तू कुठं खुरपायला चाललीस?" मी हसून विचारलं.

"सून घालती माझ्या गळ्यात," एवढंच ती म्हणाली.

मी चरित्र सांगितलं. संत घाबरून परत गेला तो भाग तर अगदी रंगवून सांगितला. पंक्चर खोटं होतं हेही सांगून टाकलं. आता ती हसेल, माफ करेल, असं मी धरूनच चालले होते.

आत्या म्हणाली, "भ्याला तर भ्याला. माणूसच त्यो. पर तिकडं ती राणी वाट बघत आसंल. त्यो मागं फिरला ह्ये तिला कुणी कळवलं का?"

पुस्तकात तसं काहीच नव्हतं.

"गेल्या साली तू पुलावर आलेली मी बघितली," ती म्हणाली. "हितनं समदं दिसतं. तू येणार म्हनून सुनंनं खाट भाईर काढली आन् ती गेली रानात. तू हायेस, असंच तिला वाटलं. मला फोन आला तर उचलाया येतो, लावता न्हाई येत. उन्हं कलल्यावर वाघ आला. खाटेच्या पायाला कुत्रा बांधला हुता, त्याला घिऊन गेला. माझी चादर बी वढली गेली त्यासंगं."

"मी फोन केला तेव्हा सांगायचं ना, बाहेर आहेस म्हणून!"

"तुझा आवाज लई भ्यालेला हुता. म्हनलं, सांगितलं तर आनि परत ईल एकटी."

मी तिचा हात धरून रडले. सून येईपर्यंत तिथून हलले नाही. निघताना आत्याने पट्ट्याचं बक्कल काढलं आणि तो माझ्या हातात दिला.

"ह्यो घालून जा. म्होरल्या सणाला घिऊन ये. तवर मी काय भाईर बसत न्हाई."

पट्टा घातला तर हेल्मेटचा बंद लागेना. बंद मोकळाच ठेवून तशीच आले. आता तो आमच्या दारामागे खुंटीवर आहे, स्कूटरच्या किल्लीशेजारी. सुट्टीच्या दिवशी मी किल्ली हातात घेते आणि परत ठेवते. तिकडे आत्या पट्ट्यावाचून छपराखाली पडून आहे, आणि मला त्या उसाची अजून तेवढीच भीती वाटते.