मुशीचे तेल

वेसाव्याच्या कोळीवाड्यात काशीरामच्या अंगणात ती होडी उपडी पडलेली होती आणि येणाराजाणारा तिला नावे ठेवल्यावाचून पुढे जात नसे. ती लाकडाची नव्हती. वीसएक वर्षांपूर्वी कुणा हौशी बंगलेवाल्याने परदेशातून मागवलेली ती फायबरग्लासची मोटरबोट मढच्या बाजूला माडांत टाकून दिलेली होती. नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, तिचा तळ हातभर फुटला होता. जागा अडवते म्हणून बंगल्याच्या नव्या मालकाने ती नेऊ दिली, आणि चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर काशीरामने ती खाडीपलीकडून ओढून आणली. कोळ्याच्या दारात आंघोळीचा टब आला, असे शेजारचा सहदेव म्हणाला आणि ते वाडाभर झाले.

काशीरामला ते लागले नाही. त्याला एकाच माणसाच्या तोंडून काही ऐकायचे होते, आणि तो माणूस बोलत नव्हता.

तो माणूस म्हणजे त्याचा बाप रामनाथ. काशीराम ऐन विशीत समुद्र सोडून अंधेरीच्या पूर्वेला एका कारखान्यात लागला होता. तिथे फायबरग्लासचे पत्रे आणि टाक्या बनत. मोठ्या इंजिनाच्या बोटी समुद्राचा तळ खरवडून नेऊ लागल्या होत्या आणि लहान होडीवर घर चालणे कठीण झाले होते. कारण खरे होते आणि रामनाथलाही ते कळत होते. परंतु कारण खरे असल्याने घाव उथळ होत नाही. घरात दुसरे हात नव्हते, म्हणून त्याला होडी विकावी लागली. त्यानंतर तो मुलाशी घरातले सगळे बोले, औषधपाण्याचे, नळाचे, छपराचे. समुद्राचे मात्र एक अक्षर नाही. काशीरामसमोर वाऱ्याचा विषय निघाला तरी तो उठून जाई. माणसाला वाळीत टाकायला पंचायतच बसावी लागते असे नाही. ज्या गोष्टीवर आपली माणसे जगली तिच्याविषयी त्याच्याशी बोलणे बंद केले, की पुरते.

ही होडी म्हणजे काशीरामने बापापुढे मांडलेले म्हणणे होते. कारखान्यात शिकलेल्या विद्येनेच समुद्रावर परत येता येते, एवढेच त्याला दाखवायचे होते. हिवाळाभर प्रत्येक सुटीला तो फुटलेल्या जागेभोवतीचा जुना थर घासून काढी. कडा उतरत्या करी, आतले काचेचे धागे उघडे पडेपर्यंत पॉलिश पेपर चालवी. त्यावर काचेचे कापड अंथरून रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट रस, भरायचे होते. हे काम एका अटीवर टिकते: खालची जागा कोरडी आणि स्वच्छ हवी, तिला घामाचा हातसुद्धा लागता कामा नये. बायको मथुरा कापडाच्या पट्ट्या कापून देई. रामनाथ ओट्यावर होडीकडे पाठ करून बसे. पुढे पुढे तो तिरका बसू लागला, आणि उन्हाळ्यात तोंड करून.

मे महिन्यात जागा तयार झाली. रविवारी कापड चढवायचे ठरले. शनिवारी काशीराम कामावरून परतला, तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच त्याला मुशीच्या तेलाचा उग्र वास आला.

पावसाआधी होड्या वर ओढून शाकारतात, तेव्हा मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचे तेल तळाला चोळतात. लाकूड ते पिते आणि त्याला कीड लागत नाही. हे काम घरातला वडील माणूस करतो, आणि त्या घरात परक्याच्या होडीला कुणी तेल लावत नसे. तेल लावणे म्हणजे होडी आपली म्हणणे होते. रामनाथने सगळा तळ चोळला होता, आणि फुटलेल्या जागेला, आजारी माणसाला द्यावे तसे, जास्तीचे पाजले होते. उघड्या धाग्यांनी ते आतपर्यंत ओढून घेतले होते. म्हाताऱ्याचे हात कोपरापर्यंत चकाकत होते. मथुरा दारात खाली मान घालून उभी होती. सासऱ्याला अडवायची तिची हिंमत झाली नव्हती.

"नाळ चांगली हाय हिची," रामनाथ मुलाला म्हणाला. "पानी कापंल."

एवढ्या वर्षांत समुद्राचे हे पहिले वाक्य तो मुलाशी बोलला होता. तेल प्यालेल्या जागेवर रेझिन धरत नाही, हे काशीरामला स्वतःच्या नावाइतके ठाऊक होते. तो सगळा भाग कापून काढायला हवा होता आणि पाऊस तोंडावर असल्याने हंगाम हुकणार होता. पण त्याआधी बापाला सांगायला हवे होते, की तुझ्या हाताने ही बिघडली. काशीराम म्हणाला, "हो बा. कापंल."

त्याने कारखान्यातून आणलेल्या ॲसिटोनने जागा पुसली. वरची चकाकी गेली, आतला पिवळा डाग राहिला. त्यावरच त्याने कापड चढवले. सुकल्यावर टिचकी मारली, तर एका बाजूला आवाज पोकळ येई. त्यावर त्याने निळा रंग दिला. रोज संध्याकाळी रामनाथ बोलत होता, वाऱ्यांविषयी, घोळ मासळी कुठल्या खडकाआड सापडते त्याविषयी. इतके सुखाचे दिवस काशीरामने कधी पाहिले नव्हते, आणि त्यांची किंमत कशात चुकती होणार हे त्याने स्वतःला विचारले नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाल्यावर, उसने इंजिन बसवलेली होडी खाडीत ढकलली. काशीराम म्हणाला, आधी मी एकटा फेरी मारून येतो.

"बाप नाळंवर बसला नाय, तर होडी कोनाची म्हनायची?" रामनाथने विचारले.

इतके दिवस काशीराम आपल्या गप्प राहण्याला आदर म्हणत आला होता. त्या क्षणी त्याला ते नाव देता येईना, आणि तरीही तो बोलला नाही. त्याने बापाचा दंड धरून त्याला नाळेवर बसवले.

खाडीच्या मध्यावर इंजिनाने जोर धरला, नाळ पाण्यावर आपटली आणि नवे कापड खपलीसारखे अखंड निघून आले. पाणी आत घुसले आणि होडी नाळेकडून बुडाली. सहदेवने आपली बोट वळवली आणि म्हाताऱ्याला सदऱ्याला धरून वर ओढले. काठावर सगळा वाडा उभा होता. रामनाथ बराच वेळ खोकत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "तुज्या हाताला समुद्र नाय, काशी."

"खरं हाय, बा."

संध्याकाळी ओले कपडे पिळताना मथुरा म्हणाली, "तेलाचं सांगायचं व्हतंस."

"सांगितलं असतं तर परत बोलला असता माज्याशी?"

"आनि बुडाला असता, तर कोनाशी बोलला असता?"

रामनाथने मात्र पुन्हा अबोला धरला नाही. तो रोज मुलाला ओट्यावर बोलावतो आणि रागावल्यावाचून, लहान पोराला सांगावे तसे, समुद्राला प्लास्टिक का चालत नाही ते समजावतो. ऐकायला सहदेवही येऊन बसतो. मी तर भरपूर तेल पाजले होते, पण तिने अंगी लावून घ्यायला हवे ना, असे म्हातारा म्हणतो, आणि सगळे काशीरामकडे बघतात. तो मान डोलावतो.