बद्रीच्या झुलीखालचं चित्र

गुलाबबाईनं सौसरच्या मुलींच्या एका होस्टेलात अठरा वर्षं पोळ्या लाटल्या, आन् एका सोमवारी लाटणं धुऊन ठेवलं ते कायमचंच. कारण विचारलं तर म्हणे, "मी पोळीवर नखानं मोर काढो, पोट्ट्या खाऊन टाकत!"

तेव्हापासून बाई रामाकोन्याला, तुळशीरामच्या संत्र्याच्या बगीच्यात टिनाच्या खोलीत एकटी राहते. माकडं हाकलते आणि दिसेल ते रंगवते. विहिरीवरचं मोटारघर झालं, संत्र्याचे खोके झाले, स्वतःची लुना झाली. भाऊ मनोहर महिन्याला येऊन डोकं खातो, "लोकायसारखी राह्य ना वं!" तो आत चहा पितो तेवढ्यात ही बाहेर त्याच्या चपलांवर फुलं काढते. बिचारा तशाच घालून सौसरला जातो.

यंदा तिच्या डोक्यात बैल शिरला. तुळशीरामच्या बद्री-नवाब जोडीतला बद्री. पांढराफेक, कपाटाएवढा रुंद.

"भाऊ, चालती भिंत हाये ते. पोळ्याले मले द्या."

"बैल रंगवाचं काम गड्यायचं असते, बाई." तुळशीरामनं खर्रा गालात सरकवला. "बरं, एक डाव देतो. लोक थांबून पाह्यले, त पुढच्या साली बी तुलेच. नाई त आमचे लाल ठिपके बरे, आन् तू बैलाजवळ फिरकू नको."

पोळ्याच्या दिवशी तांबडं फुटताच बाई पदर खोचून भिडली. गेरू, हळद, चुना, कोळसा. बद्री रवंथ करत उभा, ही त्याच्या कुशीशी नाचत. चित्र हाताला आपोआप येत होतं, आणि ती एकटीच खिदळत होती. संत्र्याच्या झाडावर सात माकडं, खाली त्यांच्यामागं पळणारा तुळशीराम. एक चप्पल पायात, दुसरी माकडाच्या हातात!

दुपारी तुळशीराम आला. चित्र पाहिलं. मिशी हलली. आत गेला आणि मायच्या हातची आरशाची झूल आणून बद्रीवर टाकली. झूल थेट गुडघ्यापर्यंत. चित्र गडप.

गुलाबबाईनं हळदीचाच हात कपाळावर मारून घेतला. जन्मभर पोळा पाहिला, अन् झुलीचाच इसर पडला!

"भाऊ, झूल राहू द्या ना घरी."

"मायची झूल हाये. बैल का उघडा नेऊ तोरनाखाली?"

ती बद्रीच्या मागं चालली.

तोरणाखाली जोड्या लागल्या. बद्रीजवळ कुणी थांबेना. पांढऱ्या बैलावर जुनी झूल, त्यात पाहायचं काय! तेवढ्यात तुळशीरामची बायको सुशीला झूल सारखी करायला वाकली. कोपरा उचलला आणि तशीच थिजली. मग असं हसली की शेजारची जोडी बिचकली.

"अवं या ना इकडं! माहा मानूस पाहा, एका चपलेवर!"

बाया धावल्या. त्यांच्यामागं गडी. जो तो झूल उचले, आत मुंडी घाले, अन् पोट धरून बाहेर येई. एक म्हातारा तर आतच बसला, निघेना.

"ओ बुवा, मुक्काम करता का?" तुळशीरामच आता कोपरा धरून उभा. "एकानं एकदाच पाहाचं, मांगं लाईन हाये!"

पोळा फुटला. जोड्या घराकडं धावल्या. बद्रीभोवतीची लाईन मात्र हलेना. गुलाबबाई त्या गर्दीत गिरक्या घेत होती.

"बाई," तुळशीराम हळूच म्हणाला, "पुढच्या साली नवाब बी घे. जोडीतला एकच कोरा बरा नाई दिसत. फक्त त्यात मी नको."

"मंग कोन?"

त्यानं हनुवटीनं सुशीलाकडं दाखवलं.

"मले?" सुशीलानं झूल सोडून कमरेवर हात ठेवले. "काढ वं बाई, काढ. पन माह्या हातात लाटनं दे, आन् ह्या मानसाले माह्या पाया पडतान्नी काढजो!"

गुलाबबाईचं लक्ष नव्हतं. ती नवाबच्या कुशीवर वितीनं माप घेऊन राहिली होती.